बडीची नऊ वर्षं: एका कराराचा हिशेब

२८ सप्टेंबर २०१३. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर हॉथॉर्न क्लबने फ्रीमँटलला १५ गुणांनी हरवून ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची ग्रँड फायनल, म्हणजे हंगामाचा निर्णायक सामना, जिंकली. हॉथॉर्नचा सर्वांत मोठा तारा होता लान्स फ्रँकलिन. त्याला लान्स म्हणणारे थोडेच, सगळ्या ऑस्ट्रेलियासाठी तो 'बडी'. त्याचा करार संपत आला होता आणि तो सिडनीला जाणार ही कुजबुज वर्षभर चालू होती. आठवडा उलटायच्या आत तो गेलासुद्धा. मात्र सगळे ज्या क्लबचं नाव घेत होते तिथे नाही. नव्यानेच स्पर्धेत आलेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सने त्याच्यासाठी गळ टाकला होता, आणि वर्तमानपत्रांनी त्याला मनातल्या मनात त्यांची नारिंगी जर्सी चढवूनही टाकली होती. प्रत्यक्षात त्याने त्याच शहरातल्या जुन्या क्लबशी, सिडनी स्वान्सशी, हात मिळवला. मुदत नऊ वर्षं, रक्कम एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर.

सही केली तेव्हा बडी २६ वर्षांचा होता. करार संपताना तो ३५ चा होणार होता. फूटीत, म्हणजे या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, आघाडीवर खेळणारा गडी पस्तिशीपर्यंत टिकला तर नशीब म्हणायचं. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया सगळीकडे एकच होती: या लोकांना वेड लागलंय.

तर हे प्रकरण त्या वेडाचं. खरंच वेड होतं का, आणि असलं तर कुणाचं?

आधी खेळाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे हा खेळ टीव्हीवर चुकून दिसला तर माणूस चॅनेल बदलतो. मैदान लंबवर्तुळाकार, बहुतेक ठिकाणी क्रिकेटचंच. बाजूला १८ खेळाडू, चेंडू अंडाकृती. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर 'बिहाइंड', एकच गुण. ऑफसाइड नाही. कुणी किमान १५ मीटर लांबून मारलेला चेंडू दुसऱ्याने हवेतच झेलला तर तो 'मार्क', आणि मग झेलणाऱ्याला कुणी अंगाला न लागता निवांत किक मारायला मिळते. चेंडू घेऊन पळायचं तर दर १५ मीटरला तो एकदा जमिनीवर आपटून परत घ्यावा लागतो. अंडाकृती चेंडू वेगात पळताना आपटून बघा म्हणजे यातली गंमत कळेल. आघाडीच्या खेळाडूचं, फॉरवर्डचं, काम ऐकायला सोपं असतं: उंच उडा, झेला, मारा. मैदानात तेवढ्याच उंचीचे दोन-तीन बचावपटू त्याच्या अंगाखांद्यावर लोंबकळत असतात.

बडी जवळजवळ दोन मीटर उंच. पण उंच फॉरवर्ड कितीतरी झाले. याचं वेगळेपण असं की हा उंच माणूस बुटक्या, चपळ खेळाडूसारखा पळायचा. २०१० मध्ये एसेंडनविरुद्ध मेलबर्नच्या मैदानावर सीमारेषेच्या कडेकडेने तो चेंडू आपटत सुटला. मागे धावणारा केल हूकर काही केल्या गाठू शकला नाही, आणि शेवटी तिरप्या कोनातून गोल झाला. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम गोल ठरला. २०१३ मध्येही तो मान त्यालाच मिळाला. निवांत किक मारतानाही त्याची धाव कधी सरळ नसे. डावखुऱ्या पायाचा हा गडी डावीकडे चंद्रकोरीसारखा वळत यायचा. नियमाप्रमाणे किक मारणाऱ्याने रेष सोडली की पंच 'खेळ चालू' म्हणतात आणि प्रतिस्पर्धी अंगावर येऊ शकतो. बडीच्या बाबतीत ती त्याची नैसर्गिक वळणाची धाव धरून पंच तेवढी सूट देत. एका माणसाच्या चालीसाठी नियमाचा अर्थ थोडा वाकवला गेला, यातच काय ते आलं.

तो मूळचा पश्चिम ऑस्ट्रेलियाचा, पर्थजवळच्या गव्हाच्या पट्ट्यातल्या डाऊरिन या छोट्या गावाशी नातं असलेला, नूंगार आदिवासी वंशाचा. २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू क्लबांना वाटून देणाऱ्या वार्षिक निवडीत, हॉथॉर्नने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. चौथी निवड रिचमंडची होती आणि त्यांनी रिचर्ड टॅम्बलिंगला घेतलं. रिचमंडचे चाहते त्यानंतर कित्येक वर्षं हे नाव निघालं की कपाळावर हात मारत. त्याच वर्षी दुसऱ्या निवडीवर जॅरिड रफहेड आणि सातव्यावर जॉर्डन लुईस हेही हॉथॉर्नलाच मिळाले. एकाच दुपारी असे तिघे पदरात पडले की पुढच्या दशकाची सोय होते. झालीही.

२००८ मध्ये, २१ व्या वर्षी, बडीने हंगामात ११३ गोल मारले. नियमित फेऱ्यांतल्या शेवटच्या सामन्यात कार्लटनविरुद्ध त्याने शंभरी गाठली आणि प्रेक्षक परंपरेप्रमाणे मैदानात धावले. कार्लटनचा ब्रेंडन फेव्होला त्याच सामन्यात ९९ वर अडकला. एका हंगामात शंभर गोल त्यानंतर आजवर कुणालाही जमलेले नाहीत. ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नने जिलाँगला २६ गुणांनी हरवलं. २०१२ मध्ये टास्मानियातल्या लॉन्सेस्टनला नॉर्थ मेलबर्नविरुद्ध त्याने एकाच सामन्यात १३ गोल मारले. हॉथॉर्नमधला त्याचा एकूण हिशेब १८२ सामने, ५८० गोल.

आता कराराच्या गाठी.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये क्लब वाटेल तेवढा पैसा उधळू शकत नाही. प्रत्येक क्लबला खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा असते. त्या सुमारास ती वर्षाला साधारण एक कोटी डॉलर होती, म्हणजे बडीचा नऊ वर्षांचा करार हा चाळीसेक खेळाडूंच्या अख्ख्या संघाच्या एका वर्षाच्या पगाराइतका. सरासरी काढली तर एक माणूस दरवर्षी संघाच्या पगारातला नववा हिस्सा एकटा नेणार. आयपीएलवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे अजून विचित्र दिसेल. आपल्याकडे दर काही वर्षांनी महालिलाव होतो, पत्ते पुन्हा पिसले जातात, आणि तीन वर्षांच्या पलीकडचं कुणी बोलत नाही.

दुसरी गाठ 'फ्री एजन्सी'ची. २०१२ पर्यंत करार संपलेल्या खेळाडूलाही आपल्या मर्जीने क्लब बदलता येत नसे. अदलाबदल किंवा ड्राफ्ट यांतूनच वाट होती. २०१२ पासून एका क्लबमध्ये आठ हंगाम काढलेल्यांना ही मुभा मिळाली. त्यांतले सर्वाधिक पगारवाले खेळाडू 'मर्यादित' मुक्त: त्यांचा जुना क्लब नव्या प्रस्तावाइतकाच प्रस्ताव देऊन त्यांना थांबवू शकतो. बडी या गटातला. स्वान्सनी मुदत नऊ वर्षांपर्यंत ताणली त्याचं खरं कारण माझ्या मते इथे दडलंय. वर्षाला किती द्यायचे यात जायंट्सशी लढण्यात अर्थ नव्हता. पण इतकी लांब मुदत हॉथॉर्नच्या गळ्याखाली उतरणार नव्हती. उतरली नाहीच. हॉथॉर्नने बरोबरी केली नाही आणि भरपाई म्हणून ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या शेपटाला एक निवड घेऊन गप्प बसले. विजेता क्लब रांगेत शेवटी असतो आणि भरपाई त्याच्या मागे जोडली जाते. पिढीतला सर्वांत मोठा फॉरवर्ड देऊन हातात हे.

लीगचं मुख्यालय मात्र खवळलं. तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू डिमेट्रिओ यांच्या कारभाराला जायंट्स रुजवायचे होते. बडी पश्चिम सिडनीत गेला असता तर ते लीगच्या सोयीचं होतं. शिवाय सिडनीत राहणं महाग म्हणून स्वान्सना पगारमर्यादेवर जवळजवळ दहा टक्के जादा भत्ता मिळे, आणि मेलबर्नच्या क्लबांच्या डोळ्यांत तो आधीपासून खुपत होता. लीगने कराराला मान्यता दिली, पण अट घातली: बडी आधी निवृत्त झाला तरी पूर्ण नऊ वर्षांची रक्कम स्वान्सच्या पगारमर्यादेत मोजली जाईल. पळवाट बंद. त्यानंतर तो भत्ता टप्प्याटप्प्याने काढून घेतला गेला, आणि २०१४ च्या शेवटी स्वान्सवर बाहेरून खेळाडू आणण्याची बंदीही आली. नियमातच बसणारा करार केल्याबद्दल एखाद्या क्लबला अशी शिक्षा झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

स्वान्सनी हे का केलं हे समजायला सिडनी शहर बघावं लागतं. तिथे फुटबॉल म्हणजे रग्बी लीग. स्वान्स मुळात मेलबर्नचा दक्षिण उपनगरातला क्लब. कर्जात बुडाल्यावर १९८२ मध्ये त्याला सिडनीत नेऊन बसवला. परक्या गावात दुकान टाकल्यासारखं. १९९५ मध्ये सेंट किल्डाहून टोनी लॉकेट आला आणि चित्र पालटलं. अगडबंब देहाचा हा फुल फॉरवर्ड बघायला रग्बीवालेही येऊ लागले. जून १९९९ मध्ये सिडनी क्रिकेट ग्राउंडवर त्याने कारकिर्दीतला १३०० वा गोल मारून गॉर्डन कॉव्हेंट्रीचा जुना विक्रम मोडला. हे तेच मैदान जिथे पुढे २००४ मध्ये सचिनने कव्हर ड्राइव्हला हातही न लावता नाबाद २४१ केल्या. स्वान्सच्या कार्यालयाला लॉकेटचा धडा पाठ होता: या शहरात संघ विकला जात नाही, माणूस विकला जातो. बडीत त्यांना दुसरा लॉकेट दिसला.

मग झालं काय?

पहिल्या पाच वर्षांचे आकडे बघा. २०१४ मध्ये ७९ गोल, पुढे ४७, ८१, ७३, ५७. एकूण १०८ सामन्यांत ३३७, म्हणजे सामन्यामागे तीनच्या वर. हॉथॉर्नमधल्या त्याच्या सरासरीच्या अगदी जवळ. नियमित फेऱ्यांत सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारं कोलमन पदक त्याने २०१४ आणि २०१७ मध्ये पुन्हा जिंकलं. २०१७ चं तर शेवटच्या फेरीत, कार्लटनविरुद्ध एका सामन्यात दहा गोल ठोकून. २०१८ मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम संघाचा तो कर्णधार होता. या काळात स्वान्स दरवर्षी अंतिम फेऱ्यांत पोहोचले.

आणि दोनदा ग्रँड फायनल हरले. २०१४ ची हार तर जिव्हारी लागणारी, कारण समोर हॉथॉर्नच होते. बडीने चार गोल मारले आणि त्याच्या जुन्या दोस्तांनी स्वान्सना ६३ गुणांनी लोळवलं. २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जविरुद्ध सामना सुरू होतो न होतो तोच त्याचा घोटा दुखावला. स्वान्स २२ गुणांनी हरले. मधल्या २०१५ मध्ये हॉथॉर्नने सलग तिसरा कप उचलला. बडी गेल्यावर दोन कप. बडीशिवाय हॉथॉर्नचं काही अडलं नाही, हे या प्रकरणातलं सगळ्यांत बोचरं सत्य आहे.

२०१५ च्या सप्टेंबरकडे थोडं थांबून बघितलं पाहिजे. अंतिम फेऱ्या तोंडावर असताना क्लबने जाहीर केलं की बडी मानसिक आजारामुळे खेळणार नाही. त्याला सौम्य अपस्माराचा त्रास आहे हेही त्याच सुमारास कळलं. ज्या खेळात मोडक्या बरगडीनिशी खेळण्याच्या गोष्टी कौतुकाने सांगतात, तिथे सर्वांत महाग खेळाडू सर्वांत मोठ्या सामन्यांआधी 'मला बरं नाही' म्हणतो, आणि क्लब त्याच्या पाठीशी उभा राहतो. प्रशिक्षक जॉन लाँगमायर यांनी परतण्याची तारीख मागितली नाही. स्वान्स अंतिम फेऱ्यांतले दोन्ही सामने हरून बाहेर पडले. पुढच्या हंगामात बडी परत आला आणि त्याने ८१ गोल मारले. सिडनीतल्या दहा वर्षांतला त्याचा सर्वाधिक आकडा.

इथे मला लीगची ती जाचक अट वेगळी दिसते. तीन वर्षांचा करार असता आणि त्यातलं दुसरं वर्ष असं गेलं असतं, तर पडद्याआड वाटाघाटी सुरू झाल्या असत्या. नऊ वर्षांच्या, मोडताच न येणाऱ्या गाठीने दोन्ही बाजूंना धीर धरायला भाग पाडलं. लीगने जी बेडी म्हणून घातली तिचा उपयोग आधारासारखा झाला. क्लबवाले चांगुलपणाने वागले नाहीत असं मी म्हणत नाही. चांगुलपणाला व्यवहाराचीही जोड होती एवढंच.

उरलेल्या चार वर्षांत शरीराने हिशेब मागितला. २०१९ मध्ये जेमतेम दहा सामने, त्यातला शेवटचा त्याचा तीनशेवा. २०२० मध्ये स्नायूंच्या दुखापतींनी एकही नाही. अख्खं वर्ष, पूर्ण पगार, शून्य सामने. 'सांगितलं होतं ना' म्हणणाऱ्यांची दिवाळी. २०२१ मध्ये १८ सामन्यांत ५१, २०२२ मध्ये २३ सामन्यांत ५२. चार वर्षं मिळून ५१ सामने, १३० गोल, सामन्यामागे अडीच. चौतीस-पस्तिशीच्या माणसाला हे वाईट नाही. पण खेळलेले सामने निम्म्याच्या आसपास.

कराराच्या नऊ वर्षांत एकूण ४६७ गोल. एका गोलला साधारण २१,४०० डॉलर पडले. असला भागाकार तसा पोरकट आहे, पण पारावरच्या गप्पांत तोच पहिला होतो, म्हणून केला.

खरा खर्च या भागाकारात दिसत नाही. तो आहे जे गेले त्यांच्यात. बडीची सही झाली त्याच महिन्यात दांडगा रकमन शेन ममफर्ड, ज्याचं काम चेंडू उंच उडवून खेळ सुरू करताना तो आपल्या बाजूला ढकलणं, पगाराचा मेळ बसेना म्हणून जायंट्सकडे गेला. गंमत बघा: जायंट्सला बडी मिळाला नाही, ममफर्ड मिळाला. २०१४ च्या ग्रँड फायनलमध्ये मधल्या पट्ट्यात स्वान्स जसे चिरडले गेले ते आठवलं की ममफर्ड आठवतो. २०१६ च्या शेवटी तरुण मिडफिल्डर टॉम मिचेल हॉथॉर्नला गेला आणि २०१८ मध्ये त्याने ब्राऊनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकलं. हे सगळं बडीच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. भत्ता गेला, बंदी आली, त्याचाही वाटा होता. पण भत्ता आणि बंदी तरी कुणामुळे आली? करार लांब होता ही स्वान्सची चूक नव्हती असं माझं मत. मान्य मर्यादेत मोठा मासा घेताना बाकीचं जाळं किती फाटेल याचा, आणि लीग किती चिडेल याचा, अंदाज चुकला.

मग शुक्रवार, २५ मार्च २०२२ ची रात्र. सिडनी क्रिकेट ग्राउंड, समोर जिलाँग. हजार गोलांसाठी बडीला चार हवे होते. लीगच्या सव्वाशे वर्षांत तोवर हजार ओलांडणारे पाचच: लॉकेट, कॉव्हेंट्री, जेसन डनस्टॉल, डग वेड आणि गॅरी एबलेट सीनियर. तीन झाले. सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात मार्क मिळाला, तो मागे गेला, ती ओळखीची वळणाची धाव, आणि चेंडू खांबांमधून पार. पुढच्या क्षणी हजारो लोक कुंपणावरून आत. बडी त्या गर्दीत दिसेनासा झाला. रक्षकांच्या कड्यातून त्याला बाहेर काढावं लागलं. सामना अर्धा तास थांबला आणि कुणाची तक्रार नव्हती. रग्बीच्या शहरात, फूटीच्या एका गोलासाठी. २०१३ मध्ये कार्यालयात बसून ज्यांनी सही घेतली होती त्यांना बहुधा हेच विकत घ्यायचं होतं.

त्याच वर्षी स्वान्स पुन्हा ग्रँड फायनलला गेले आणि जिलाँगने त्यांना ८१ गुणांनी धुतलं. करार संपला. नऊच्या नऊ वर्षं पुरी झाली, जे २०१३ मध्ये कुणी पैजेवर सांगितलं नसतं. वर आणखी एक वर्षाची सही झाली. २०२३ च्या मेमध्ये मेलबर्नला कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि २०१५ मध्ये त्याचाच आदिवासी सहकारी अ‍ॅडम गुड्सला असंच छळून खेळातून उठवलं होतं ते अनेकांना आठवलं. कॉलिंगवूड क्लबने स्वतःच नापसंती जाहीर केली. जुलैत पोटरी दुखावली आणि ३१ जुलैला बडीने निवृत्ती सांगितली. ३५४ सामने, १०६६ गोल, सर्वकालीन यादीत चौथा. एबलेट आणि वेड दोघेही मागे पडले होते.

पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, पगारमर्यादेतली त्याची जागा मोकळी झालेले स्वान्स पुन्हा ग्रँड फायनलला पोहोचले. ब्रिस्बेनने त्यांना ६० गुणांनी हरवलं. त्यांच्या कपाटातला शेवटचा कप अजूनही २०१२ चाच आहे, हॉथॉर्नला दहा गुणांनी हरवून मिळवलेला. त्या दिवशी बडी समोरच्या संघात होता.